लिनक्सवर लॉग येणं थांबलं तर: मेसेज कुठे अडला ते शोधायची पद्धत

लिनक्स मशीनवर लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, येणं बंद झालं की बहुतेक जणांचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. तो आवरा. आरसिसलॉग या लॉग लिहिणाऱ्या सर्व्हिसची रांग मेमरीत असते आणि डिस्क भरलेली असताना सर्व्हिस बंद केली तर रांगेतले मेसेज जातात. जर्नल, म्हणजे सिस्टमची मुख्य नोंदवही, फक्त /रन मध्ये साठत असेल तर मशीन रीबूट होताच आधीचं सगळं पुसलं जातं, कारण /रन म्हणजे रॅमच. बिघाडाचं कारण बहुधा त्याच नोंदींत असतं. म्हणून आधी बघा, मग हात लावा.

हा लेख इंदूरसारख्या शहरातली छोटी सेटअप डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सियागंजातलं ठोक दुकान, भंवरकुव्याचा कोचिंग क्लास किंवा एखादं छोटं ऑफिस घ्या. एकाच उबुंटू किंवा रॉकी (लिनक्सचे दोन प्रकार) मशीनवर बिलिंग, फाईल शेअरिंग आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चाललेलं असतं, यूपीएसची बॅटरी जुनी असते आणि मे-जूनच्या वादळात लाईट जाते. इथले निम्मे बिघाड वीज, डिस्क आणि घड्याळ या तिघांतून येतात. लॉगच्या सॉफ्टवेअरचा दोष त्या मानाने कमी वेळा निघतो.

आज्ञा आणि फाईलची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, नेहमीच्या स्पेलिंगने आणि लहान अक्षरांत लिहायची. कॅपिटल अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. जर्नलडी.कॉन्फ आणि सर्व्हिसच्या युनिट फाईलमधल्या सेटिंगची नावं मात्र प्रत्येक इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून लिहायची. आज्ञा रूट म्हणून किंवा पुढे सुडो लावून चालवा.

मेसेजचा रस्ता

मशीनवरच्या सगळ्या सर्व्हिस सिस्टमडी हा प्रोग्रॅम चालवतो. जवळजवळ सगळे मेसेज आधी त्याच्या सिस्टमडी-जर्नलडीकडे येतात. कर्नलचे येतात, सर्व्हिस स्क्रीनवर जे छापते ते येतं, आणि जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम /डेव्ह/लॉग या सॉकेटमध्ये (प्रोग्रॅमनी एकमेकांना मेसेज द्यायच्या खिडकीत) जे टाकतात तेही येतं. जर्नलडी ते स्वतःच्या बायनरी फाईलमध्ये लिहितो. त्यानंतर आरसिसलॉगचं काम सुरू होतं. तो मेसेज साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहितो: डेबियन-उबुंटूवर /व्हार/लॉग/सिसलॉग, रेड हॅटच्या घराण्यात /व्हार/लॉग/मेसेजेस. शेवटी लॉगरोटेट त्या फाईल फिरवतो आणि जुन्या काढून टाकतो.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. उबुंटूवर जर्नलडी स्वतः मेसेज सॉकेटमधून आरसिसलॉगकडे ढकलतो. रॉकी, अल्मा आणि रेड हॅटवर उलट आहे. तिथे आरसिसलॉग इमजर्नल नावाच्या मॉड्यूलने जर्नलमधून मेसेज ओढून घेतो, आणि कुठपर्यंत वाचलं याची खूण एका छोट्या फाईलमध्ये ठेवतो. बाहेरून सारखाच दिसणारा बिघाड या दोन ठिकाणी वेगळ्या कारणाने होतो.

डेबियन १२ पासून (२०२३) आरसिसलॉग मुळात बसवलेलाच येत नाही. तिथे /व्हार/लॉग/सिसलॉग दिसत नसेल तर काही बिघडलेलं नाही. सगळं जर्नलमध्ये आहे. टेक्स्ट फाईल हवीच असेल तर आरसिसलॉग वेगळा बसवा.

खुणेचा मेसेज पाठवा

मेसेज रस्त्यात कुठे हरवतो ते बघायला एक ओळखू येईल असा मेसेज स्वतःच पाठवायचा:

लॉगर -टी चाचणी -पी यूजर.नोटिस "खूण एक"

मग तो जर्नलमध्ये आला का ते बघा:

जर्नलसीटीएल -टी चाचणी -एन ५

आणि टेक्स्ट फाईलमध्ये आला का:

ग्रेप "खूण एक" /व्हार/लॉग/सिसलॉग

जर्नलमध्ये आहे पण फाईलमध्ये नाही, तर गडबड आरसिसलॉगच्या बाजूला आहे. दोन्हीकडे नाही, तर जर्नलडी किंवा सॉकेटकडे बघा. दोन्हीकडे आहे, तर लॉगिंगची यंत्रणा ठीक चालली आहे आणि तुमचं सॉफ्टवेअरच काही पाठवत नाही. ते स्वतःच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहीत असेल किंवा त्याची लॉग लेव्हल फक्त एररवर ठेवलेली असेल. या एका चाचणीने पुढची बरीचशी शोधाशोध वाचते, म्हणून ती वगळू नका.

साध्या यूजरने जर्नलसीटीएल चालवलं तर फक्त स्वतःचे मेसेज दिसतात, आणि लोकांना वाटतं की लॉगच नाहीत. वर एक हिंटची ओळ येते ती वाचा. यूजरला एडीएम किंवा सिस्टमडी-जर्नल या ग्रुपमध्ये घातलं आणि पुन्हा लॉगइन केलं की प्रश्न मिटतो.

दोन्हीकडे मेसेज नसेल तर एलएस -एल /डेव्ह/लॉग चालवा. ही खरी फाईल नसून /रन/सिस्टमडी/जर्नल/डेव्ह-लॉग कडे बोट दाखवणारी सिमलिंक असायला हवी. कुणी आरसिसलॉग चुकीच्या सेटिंगने हाताने चालवला असेल तर तो तिथे स्वतःचा सॉकेट बनवून बसतो, आणि बंद होताना तो काढूनही टाकतो. मग लिंक परत बनवा:

एलएन -एस /रन/सिस्टमडी/जर्नल/डेव्ह-लॉग /डेव्ह/लॉग

सर्व्हिस उभी आहे का

सिस्टमसीटीएल स्टेटस सिस्टमडी-जर्नलडी आरसिसलॉग असं एकत्र विचारा. हिरवं ॲक्टिव्ह दिसलं म्हणून लगेच पुढे जाऊ नका, खालच्या शेवटच्या दहा ओळी वाचा. कारण तिथे लिहिलेलं असतं.

आरसिसलॉग फेल्ड असेल आणि "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली" लिहिलेलं असेल, तर तो उठून पुन्हा पुन्हा पडला आहे. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करायचा प्रयत्न झाला की सिस्टमडी हात वर करतो. अशा वेळी आधी कॉन्फिग तपासा:

आरसिसलॉगडी -एन१ (इथला एन कॅपिटल)

फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर मिळतो. नेहमी सापडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एकच मॉड्यूल दोन फाईलमध्ये लोड केलेलं असतं, कंस बंद केलेला नसतो, किंवा वर्डमधून कॉपी केल्यामुळे सरळ अवतरण चिन्हांची वाकडी झालेली असतात. वाकडी चिन्हं डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, म्हणून एररची ओळ हाताने पुन्हा टाइप करणं हाच जलद उपाय. दुरुस्तीनंतर सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड आरसिसलॉग, मग स्टार्ट.

जर्नलडीच्या स्टेटसमध्ये "वॉचडॉग टाइमआउट" आला तर ती गोष्ट गंभीर समजा. या सर्व्हिसला ३ मिनिटांची मुदत असते, त्यात तिने आपण जिवंत असल्याचं कळवलं नाही तर सिस्टमडी तिला मारून पुन्हा उठवतो. निरोगी डिस्कवर जर्नलडी ३ मिनिटं अडकत नाही. डीमेसजी (कर्नलचे मेसेज दाखवणारी आज्ञा) मध्ये आय/ओ एरर शोधा आणि स्मार्टसीटीएल -ए ने डिस्कची तब्येत बघा. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब भाग, वाढत असतील तर लॉगचा नाद सोडा आणि डेटाचा बॅकअप घ्या.

डिस्क

डीएफ -एच /व्हार/लॉग चालवा, आणि त्याच्यापाठोपाठ डीएफ -आय. पहिलीत जागा दिसते, दुसरीत आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलला लागणारी एकेक नोंद. लाखो छोट्या फाईल साठल्या की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात आणि तरीही "नो स्पेस लेफ्ट" असाच एरर येतो. कॅमेऱ्याचे फोटो किंवा पीएचपीच्या सेशन फाईल एकाच पार्टिशनवर साठत असतील तर आधी तिकडे बघा.

जागा भरली असेल तर मोठी लॉग फाईल आरएम ने उडवू नका. ज्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवली आहे तो त्याच फाईलमध्ये लिहीत राहतो. नाव गेलं तरी जागा सुटत नाही, आणि नवे मेसेज तर कुठेच दिसत नाहीत. चुकून झालंच असेल तर एलएसओएफ +एल१ (एल कॅपिटल) ने अशा खोडलेल्या पण उघड्या फाईल दिसतात, आणि तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते. चालू फाईल रिकामी करायची बरोबर रीत ही:

ट्रंकेट -एस ० /व्हार/लॉग/सिसलॉग

पण त्याआधी तिची शेवटची काही हजार ओळी टेलने दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

जर्नल किती जागा खातो ते जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज सांगतो. कमी करायचा तर:

जर्नलसीटीएल --रोटेट
जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=५००एम (एम कॅपिटल)

हाच क्रम ठेवा. व्हॅक्यूम फक्त बंद झालेल्या जुन्या फाईल काढतो, चालू फाईलला हात लावत नाही. आधी रोटेट केलं नाही तर आकडा जेमतेम हलतो.

मुळातल्या सेटिंगप्रमाणे जर्नल पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत जागा घेतो आणि १५ टक्के मोकळी ठेवायचा प्रयत्न करतो. दोन्हींची कमाल मर्यादा ४ जीबी. त्यामुळे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगने पार्टिशन भरत आणलं की जर्नल स्वतःच्या जुन्या फाईल काढू लागतो. "गेल्या महिन्याचे लॉग कुणी उडवले" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर किंवा निदान वेगळ्या पार्टिशनवर न्या. दुसरा कुठलाही उपाय फार दिवस टिकत नाही.

जागा आहे, सर्व्हिस उभी आहे, तरी फाईल पुढे सरकत नाही? मग टच /व्हार/लॉग/बघू करून पाहा. "रीड-ओन्ली फाईल सिस्टम" असं उत्तर आलं तर एक्स्ट४ ला चूक सापडल्यामुळे कर्नलने पार्टिशन रीड-ओन्ली केलं आहे. मशीन चालू दिसते, पण डिस्कवर अक्षरही जात नाही. कारण डीमेसजी मध्ये सापडेल. ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मग रीबूट करून एफएससीके (डिस्कच्या फाईल सिस्टमची तपासणी) होऊ द्या.

लाईट गेल्यावर

जर्नलडी साधे मेसेज दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्के करतो. क्रिटिकल, अलर्ट आणि इमर्जन्सी या वरच्या तीन पातळ्यांचे मेसेज मात्र लगेच लिहिले जातात. म्हणजे यूपीएसने दगा दिला आणि मशीन एकदम बंद पडली, तर शेवटच्या ५ मिनिटांपर्यंतच्या साध्या नोंदी जाऊ शकतात. त्या नंतर शोधत बसू नका. ज्या भागात लाईट वारंवार जाते तिथे /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिंकइंटरव्हलसेक=३०एस ठेवणं शहाणपणाचं आहे. डिस्कवरचं लिहिणं थोडं वाढतं, पण छोट्या ऑफिसच्या मशीनवर ते जाणवत नाही.

मशीन परत सुरू झाल्यावर जर्नलडीला आधीची फाईल नीट बंद झालेली दिसत नाही. "करप्टेड ऑर अनक्लीनली शट डाउन, रीनेमिंग अँड रीप्लेसिंग" अशी ओळ येते आणि जुन्या फाईलच्या नावाच्या शेवटी ~ लागतो. ही ओळ पाहून घाबरून फाईल डिलीट करणारे पुष्कळ आहेत. करू नका. ~ लागलेली फाईल जर्नलसीटीएल अजूनही वाचतो, आणि तिच्यातला बहुतेक मजकूर शाबूत असतो. खरोखर किती बिघडलं ते पाहायचं असेल तर आधी रोटेट, मग:

जर्नलसीटीएल --व्हेरिफाय

पास लिहिलेल्या फाईल सोडून द्या. फेल लिहिलेली फाईल एमव्हीने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि तिथून जर्नलसीटीएल --फाईल= वापरून जेवढं निघेल तेवढं काढा. रोटेट न करता व्हेरिफाय चालवलं तर सध्या लिहिली जात असलेली फाईलही कधी कधी उगाच फेल दिसते.

रीबूटनंतर आधीचं काहीच दिसत नाही, जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स मध्ये एकच ओळ येते, तर जर्नल रॅममध्ये साठतो आहे. मुळातली सेटिंग ऑटो असते. तिचा अर्थ असा, की /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असेल तर डिस्कवर लिही, नसेल तर /रन मध्ये. उबुंटूवर फोल्डर आधीच असतं, रेड हॅटच्या घराण्यात बहुधा नसतं. जर्नलडी.कॉन्फ मध्ये स्टोरेज=पर्सिस्टंट लिहा, सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा आणि जर्नलसीटीएल --फ्लश चालवा. रॅममधलं आहे तेवढंही डिस्कवर उतरतं.

फोल्डर आहे, आत लांबलचक नावांची पाच-सहा उपफोल्डरं आहेत, आणि तरी जुनं दिसत नाही? मग /ईटीसी/मशीन-आयडी बघा. ती रिकामी असली आणि तिच्यात लिहिता येत नसलं तर प्रत्येक बूटला नवा आयडी तयार होतो आणि नवं फोल्डर बनतं. जर्नलसीटीएल -एम सगळी फोल्डरं एकत्र वाचून दाखवतो. कायमचा उपाय म्हणजे सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप चालवून फाईल पक्की करणं.

घड्याळ

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर मशीन जुन्या तारखेने उठते. इंटरनेट येईपर्यंतच्या नोंदी चुकीच्या तारखेला पडतात, आणि --सिन्स टुडे असं विचारलं तर त्या सापडतच नाहीत. अशा मशीनवर तारखेने शोधू नका, बूटने शोधा: जर्नलसीटीएल -बी ० म्हणजे चालू बूट, -बी -१ म्हणजे आधीचा. -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक लावलं तर बूटपासून किती सेकंदांनी काय झालं ते क्रमाने दिसतं. सेल ३ व्होल्टचा असतो आणि जेल रोडच्या बाजारात कुठेही मिळतो. जुना काढून मीटर लावा.

लॉगची वेळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे असेल तर सेलचा दोष नाही. मशीनवर विंडोजही असेल तर ते हार्डवेअर घड्याळात भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स तीच जागतिक वेळ समजतो. टाइमडेटसीटीएल चालवून टाइम झोन एशिया/कोलकाता आहे का आणि "सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: येस" आहे का ते पाहा. वेळेसाठी क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एनआयसीचे (सरकारी संगणक संस्थेचे) समय१.एनआयसी.इन आणि समय२.एनआयसी.इन हे सर्व्हर घालता येतात.

मध्येच मेसेज गळतात

लॉग येतात, पण गर्दीच्या वेळी तुटक. जर्नलमध्ये "सप्रेस्ड" आणि एखादा आकडा दिसला तर रेट लिमिट लागली आहे. मुळातली मर्यादा एका सर्व्हिसला ३० सेकंदांत १०,००० मेसेज आहे, आणि डिस्कवर मोकळी जागा जास्त असेल तर ती आपोआप वाढते. इमजर्नलची मर्यादा वेगळी: ६०० सेकंदांत २०,०००. त्यामुळे रॉकीवर जर्नलमध्ये सगळं दिसतं आणि मेसेजेस फाईलमध्ये अर्धंच, असं होऊ शकतं.

मर्यादा शून्य करून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते तो वाईट आहे. ३० सेकंदांत १०,००० ओळी टाकणारी सर्व्हिस बहुतेक वेळा स्वतःच आजारी असते, आणि मर्यादा काढली की ती डिस्क भरून बाकीच्यांनाही बुडवते. आधी गोंगाट कोण करतो ते शोधा: जर्नलसीटीएल -बी चं आउटपुट घ्या, ऑकने पाचवा रकाना काढा, सॉर्ट करा, युनिक -सी ने मोजा. खरंच कामाची सर्व्हिस असेल तर फक्त तिच्याच युनिट फाईलमध्ये लॉगरेटलिमिटबर्स्ट वाढवा.

रॉकीवर जर्नल चालू आहे, आरसिसलॉग ॲक्टिव्ह आहे, कॉन्फिग बरोबर आहे, तरी मेसेजेस फाईल एका ठरावीक क्षणी थिजली आहे, असं असेल तर /व्हार/लिब/आरसिसलॉग मधली इमजर्नल.स्टेट फाईल खराब झाली असण्याची शक्यता दाट. लाईट गेल्यानंतर हे जास्त होतं. आरसिसलॉग थांबवा, ती फाईल बाजूला हलवा, पुन्हा सुरू करा. जर्नल नव्याने वाचला जातो, म्हणून काही मेसेज दोनदा येतील. ते चालतं.

उबुंटूवर असंच थिजलेलं दिसलं तर मालकी तपासा. तिथे आरसिसलॉग सिसलॉग नावाच्या यूजरने चालतो, म्हणून फाईलचा मालक सिसलॉग आणि ग्रुप एडीएम हवा, परवानगी ६४०. कुणी रूटने ती फाईल हाताने बनवली की लिहिणं थांबतं. लॉगची जागाच बदलून /डेटा सारख्या ठिकाणी नेली असेल तर उबुंटूवर ॲपआर्मर आणि रॉकीवर एसईलिनक्स या सुरक्षेच्या यंत्रणा अडवतात. रॉकीवर ऑसर्च -एम एव्हीसी ने नकार दिसतात. नव्या फोल्डरला सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट ने व्हार_लॉग_टी हे लेबल द्या आणि रीस्टोरकॉन -आर (आर कॅपिटल) चालवा. एसईलिनक्स बंद करून टाकू नका.

रोटेशन आणि १८० दिवस

रात्री फाईल फिरली आणि सकाळपासून नवी फाईल रिकामीच, मजकूर सिसलॉग.१ मध्ये जातो आहे, तर रोटेशननंतर आरसिसलॉगला सिग्नल मिळालेला नाही. लॉगरोटेटच्या कॉन्फिगमधला पोस्टरोटेटचा (फाईल फिरल्यावर चालणारा) भाग कुणी काढला आहे का बघा. लॉगरोटेट -डी आणि पुढे कॉन्फिगचं नाव दिलं तर काहीही न बदलता तो काय करणार ते सांगतो. "पॅरेंट डिरेक्टरी हॅज इनसिक्युअर परमिशन्स" आलं तर फोल्डरची परवानगी सैल झाली आहे. कुणीतरी ७७७ (सगळ्यांना लिहायची मुभा) केलेलं असतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतातच सुरक्षित ठेवायचे आहेत. उबुंटूची मुळातली सेटिंग वीकली आणि रोटेट ४ आहे, म्हणजे जेमतेम महिना. रोटेट २६ केलं की १८२ दिवस होतात. जर्नलसाठी एका आठवड्यात डिस्क-युसेज किती वाढतो ते बघा, त्याला २६ ने गुणा आणि तो आकडा सिस्टममॅक्सयूज मध्ये लिहा. नुसतं मॅक्सरिटेन्शनसेक वाढवून भागत नाही, कारण जागेची मर्यादा आधी लागते.

लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवत असाल तर एक धोका सांभाळा. टीसीपीने पाठवताना पलीकडची मशीन बंद झाली आणि त्या ॲक्शनला वेगळी रांग दिलेली नसली, तर मुख्य रांग तुंबते आणि मशीनवरच्या फाईलमध्ये लिहिणंही थांबतं. त्या ॲक्शनला क्यू.टाइप लिंक्डलिस्ट, क्यू.फाईलनेम, क्यू.मॅक्सडिस्कस्पेस आणि ॲक्शन.रिझ्यूमरीट्रायकाउंट -१ द्या. पलीकडे एसएस -एलएनटीयूपी ने ५१४ पोर्ट ऐकतं आहे का आणि फायरवॉल उघडी आहे का, एवढं बघितलं की पुरे.

दुरुस्ती झाली की खुणेचा मेसेज तीनदा पाठवा. पहिला लगेच, दुसरा लॉगरोटेट -एफ /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ चालवल्यावर, तिसरा रीबूटनंतर. तिन्ही खुणा जर्नलमध्ये दिसल्या, पहिली सिसलॉग.१ मध्ये आणि उरलेल्या दोन्ही नव्या फाईलमध्ये सापडल्या, तरच काम झालं असं धरा.